काका, मालक तुम्ही नव्हतात

काका, काल तुमची तेरवी झाली. तेरा दिवस मेलेल्या माणसाला वाकडं बोलू नये म्हणतात, म्हणून तेरा दिवस दातओठ खात गप्प बसले. आता बसत नाही. अख्खं मुर्री गाव तुमच्या अंगणात रडत होतं. ‘शब्दाचा पक्का माणूस गेला’ म्हणत होतं. आणि मला वाटत होतं, उठावं आणि ओरडून सांगावं, अरे त्या पक्क्या शब्दानंच तर घात केला! रडू मलाही येत होतं, पण ते रागाचं होतं. आणि राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस पाच दिवसांच्या तापात उठून निघून गेलेला.

तुम्ही माझे सख्खे काका नव्हतात. तीन घरं सोडून राहणारे सुकराम मुकादम, गावच्या नात्यानं काका. बा गेला तेव्हा आमच्याकडे बटईचं एवढंसं धान आणि खाणारी चार तोंडं. रोवणा आणि कापणी सोडली तर बाकीचे महिने गोंदियात बांधकामावर जाणं आलंच. गावातले गडी विटा चढवायचे, आम्ही पोरी रेजा म्हणून गाऱ्याची घमेली वाहायचो. आणि आम्हाला नेणारे तुम्ही.

तुमची ती मागायची रीत मी अजून विसरले नाही. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही प्रत्येकाच्या अंगणात येऊन उभे राहायचात. आत यायचं नाही, बसायचं नाही. दुपट्टा पुढे करून म्हणायचं, “बाई, लेकरू द्या मले. जसं नेतो तसं आनून देईन.” मग घरातल्या बाईनं मूठभर धान दुपट्ट्यात टाकायचं. त्या धानाची तुम्ही पुरचुंडी बांधायचात आणि घरी छपराच्या आड्याला टांगायचात. जेवढी माणसं कामावर, तेवढ्या पुरचुंड्या. काम संपलं की माणूस आणि पुरचुंडी दोन्ही दारात पोचती. तुमच्या बापाची रीत, त्याच्या बापाची रीत. मायला त्याचं केवढं अप्रूप! “सुकराम नेते म्हनल्यावर मले झोप लागते,” म्हणायची. ठेकेदारालाही अप्रूप होतं, काका. का नसेल? त्याच्या कामावरच्या माणसांची हमी दुसराच कुणी आपल्या घरच्या आड्याला टांगून ठेवत होता. त्याला फुकटात आणखी काय पाहिजे होतं?

त्या वर्षी धानगिरणीच्या गोदामाची भिंत चालली होती. दोन पुरुष उंच झाली होती. वर चढायचं बांबूचं पायाड ठेकेदाराच्या माणसांनी बांधलं होतं, बांबू त्याचे, दोर त्याचा. सकाळी तुम्ही एक गाठ ओढून पाहिली, तर दोराचा भुसा तुमच्या हातात आला. मी तिथेच घमेलं घेऊन उभी होते. तुम्ही ठेकेदाराच्या हजेरी लिहिणाऱ्या मुन्शीला म्हणालात, “दोर कुजला हाये, मुन्शीजी. यावर बायामानसं चढवू का मी?” मुन्शी वहीतून मान वर न करता म्हणाला, “आज चला लो सुकराम, कल नया आ जाएगा.” तुम्ही हातातला भुसा झटकलात. मग आमच्याकडे वळून म्हणालात, “एकेक जन चढा, घाई करू नोका.”

मी तिसरी चढले. पुढचं फार आठवत नाही, आठवायचंही नाही. बांबू कलला, वरच्या विटा आधी आल्या आणि मग मी. तुम्ही हातांनी विटा उपसत होतात आणि ‘सगुना, सगुना’ ओरडत होतात, एवढं कानात आहे. डॉक्टरनं उजवा पाय गुडघ्याखाली कापला. पुढच्या वैशाखात माझं लग्न ठरलं होतं. सोयरे एकदा दवाखान्यात येऊन चादर बघून गेले. ते पुन्हा आले नाहीत. ठेकेदार एकदाही आला नाही. मुन्शीच्या हातून त्यानं केळी पाठवली होती.

मी घरी आले त्या संध्याकाळी तुम्ही पुरचुंडी घेऊन अंगणात उभे राहिलात. काम संपलं होतं ना, रीत पाळायला हवी! मायनं तुमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “जशी नेली तशी आन, मंग दे मले ते धान.” तुम्ही पुरचुंडी घेऊन परत गेलात. मला तेव्हा तुमची दया आली होती, काका. हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल पोरगी नुसती भांडतेच.

पण पुढे जे केलंत त्याची दया येत नाही. त्याची चीड येते. आठ वर्षं झाली तरी येते.

कचेरीसमोरच्या अर्जनवीसानं माझा अर्ज लिहिला. तो म्हातारा भला माणूस. त्यानं आपल्या दोघांना झाडाखाली बसवून समजावलं होतं, “हे बघा, कामावर असताना माणूस जायबंदी झाला की मालकानं भरपाई द्यायची असा कायदा आहे. चूक कुणाची, नशीब कुणाचं, ते फारसं बघत नाहीत. मालक कोण, एवढंच बघतात. तेव्हा सुकराम, तुम्ही एकच सांगायचं. काम ठेकेदाराचं, हजेरी त्याचा मुन्शी घ्यायचा, मजुरी त्याच्या हातची, मीही याच पोरीसारखा त्याचा मजूर.” तीन वेळा घोकून घेतलं त्यानं तुमच्याकडून. तुम्ही तिन्ही वेळा “हो जी, हो जी” म्हणालात. यात खोटं काहीच नव्हतं. अक्षर न अक्षर खरं होतं.

आपण भंडाऱ्याला गेलो ते रोवण्याचे दिवस होते. माय धानाच्या बांधीत राबत होती, तिला एक दिवस सोडणं परवडणारं नव्हतं. भरपाईचे अर्ज ऐकणाऱ्या साहेबाच्या खोलीत साहेब, त्याचा लिहिणारा कारकून, ठेकेदार, त्याचा नागपूरचा वकील आणि आपण दोघं. अर्जनवीसाला आत येता येत नव्हतं आणि आपल्याला वकील नव्हता. तो नागपूरवाला फार गोड बोलला हो! तुम्हाला त्यानं खुर्ची दिली. जन्मात तुम्हाला कुणी कचेरीत खुर्ची दिली नव्हती.

“सुकरामजी, या मुलीला कामावर कोणी आणलं?”

“मी.”

“ठेकेदार गेले होते तिच्या घरी?”

“नाई जी. ते कायले जातीन?”

“तिच्या आईला शब्द कोणी दिला?”

तिथे तुम्ही ताठ बसलात, काका. मी बाजूनं बघत होते. अर्जनवीसानं घोकवलेलं तुमच्या तोंडावरून पार पुसलं गेलं. “शब्द मी देलो,” तुम्ही म्हणालात. “धान मी घेतलो. मुर्रीची मानसं मी मांगून आनतो, अन् मीच पोचवतो.”

“म्हणजे तिची जबाबदारी तुमची.”

“माहीच. दुसऱ्या कोनाची राहीन?”

“ठेकेदाराची नाही?”

आणि तुम्हाला त्या प्रश्नाचा अपमान वाटला! मी पाहिलं ना. गावच्या लेकराची जबाबदारी कुण्या परक्याची कशी असेल, असा तुमचा चेहरा. “त्यायची कायची? त्यायनं कोनाचं धान घेतलं?” वकील नुसता साहेबाकडे वळला आणि म्हणाला, लिहून घ्यावं. कारकुनानं लिहिलं. तुम्ही अंगठा दिला. कुजक्या दोराबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

निकाल आला. मुलगी मुकादमाच्या नोकरीत होती, ठेकेदाराच्या नव्हे, म्हणून अर्ज फेटाळला. पाहिजे तर मुकादमावर दावा करावा. अर्जनवीसानं तो वाचून दाखवला. “सुकराम,” तो म्हणाला, “तुला मालक केलं रे त्यांनी. अंगावर बंडी नाही आणि मालक!” तुम्ही मला म्हणालात, “कर गा पोरी माह्यावर दावा. हिशोबानं तेच बरोबर हाये.” दावा करा म्हणे! तुमच्या घरात होतं काय? एक जोडी बैल आणि त्यांची एक छोटी गाडी, रेंगी.

घरी पोचलो तेव्हा माय दारातच उभी होती. तिनं विचारायच्या आधी, मी तोंड उघडायच्या आधी तुम्ही म्हणालात, “मी सांगतलो मीच मालक. केस गेली, बाई.” माय म्हणाली, “लेक त मोडलीच, तिचा हक्कबी वाटून आला तू.” त्या दिवसापासून ती तुमच्याशी बोलली नाही. तुमच्या दारात पाय ठेवला नाही. काकी हळदीकुंकवाला बोलवायची, तर हातात काम असल्याचं सांगायची. विहिरीवर तुम्ही दिसलात तर रिकामी घागर घेऊन परत यायची. गावानंही हळूहळू तेच धरलं. पोरीचा पाय ठेकेदारानं नेला आणि भाकर सुकरामनं नेली, असं पारावर बोललं जायचं. तुमच्या कानावर जायचं. तुम्ही तंबाखू मळत बसायचात.

मुकादमी तुम्ही त्याच दिवशी सोडली. आणि दुसऱ्या महिन्यात सकाळी रेंगी आमच्या अंगणासमोर आणून उभी केलीत. मायकडे न बघता मला म्हणालात, “बैस. शाळेत जाऊ.” मी चार वर्ग शिकलेली, लग्नाच्या वयाची झालेली, कुबडी घेऊन दहा-अकरा वर्षांच्या पोरींत बसायचं! मी नाही म्हटलं, तर तुम्ही बैल सोडून तिथेच बसलात. दुपारपर्यंत बसलात. शेवटी मायच आतून खेकसली, “जा वो, नाहीत त हा बैलं घेऊन इथंच मुक्काम टाकीन.”

मुर्री ते गोंदिया, रोज जाऊन येऊन. चिखलात चाक रुतलं की तुम्ही खांदा लावायचात आणि मी वर बसून पाठ केलेलं म्हणायची. नद्यांची नावं तुम्हाला माझ्याआधी पाठ झाली होती. एकदा मी गोदावरीच्या उपनद्यांत वैनगंगा विसरले, तर तुम्ही केवढे चिडलात! “घरची नदी विसरते अन् दुनियेचं शिकून रायली.” सातवीच्या परीक्षेला तुम्ही फाटकाबाहेर दिवसभर उभे होतात. निकाल लागला तेव्हा शाळेच्या शिपायालाच पेढा भरवलात. पुढे मास्तरणीच्या ट्रेनिंगला, नोकरी लागेपर्यंत, तीच रेंगी. आज मी ज्या शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावते, ती नोकरी तुमच्या बैलांच्या पायांवर उभी आहे. हे मला कळत नाही असं समजू नका. कळतं, म्हणूनच तर अंगाची आग होते. जे त्या ठेकेदारानं भरायचं होतं ते तुम्ही भरलंत. रोज, सहा वर्षं, उन्हातान्हात. आणि तो तेवढ्या वर्षांत तीन गोदामं बांधून मोकळा झाला.

रेंगीत आपलं भांडण ठरलेलं असायचं. मी विचारायची, “काका, दोराचं काऊन नाही सांगितलं साहेबाला?” तुम्ही बैलांशी बोलायला लागायचात. एकदाच उत्तर दिलंत. नाल्याच्या उतारावर बैल थांबवून म्हणालात, “सांगतलो असतो, त साहेब पुसता, तुले मालूम होतं त पोरीले वर कायले धाडला? याचं का सांगू मी?” मी म्हटलं, “मुन्शीनं सांगितलं म्हणून धाडलं, असं सांगायचं!” तर म्हणालात, “मुन्शीनं सांगतलन. पन चढा कोन म्हनला? मीच ना?” आणि गाडी पुढे हाकलीत. म्हणजे तो शब्दाचा अभिमान होता की मनातली बोच होती? मला अजून ठरवता येत नाही. तुम्हाला तरी येत होतं का?

गेल्या वर्षी शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या ओळखीनं मी एका वकिलाला गाठलं. कागद दाखवले. तो म्हणाला, “बाई, मधे मुकादम असला तरी ज्याचं मूळ काम त्याला सुटता येत नाही. कायद्यातच आहे तसं. वर अपील करायला हवं होतं. पण मुदत कधीच गेली.” तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो, आता मुंबई राज्यात आलो. राज्य बदललं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. तो कागद तसाच राहिला, त्यावर मालक म्हणून तुमचं नाव. मला भरपाई नको होती, काका. ती रक्कम आता मीही कमावते. मला त्या कागदावर त्याचं नाव हवं होतं. मी तुम्हाला हे येऊन सांगितलं, तर म्हणालात, “जाऊ दे ना वो, कायले उकरते?” त्या दिवशी मी तुमच्याकडे पाणीही न घेता निघून आले. त्यानंतर आपण धड बोललो नाही. तापात तुम्ही दोनदा निरोप पाठवला होता. वार्षिक परीक्षा चालू आहे म्हणून मी रविवारी येणार होते. तुम्ही शुक्रवारी गेलात.

आता कालचं ऐका.

पंगत उठत होती तेव्हा ठेकेदार आला. होय, तोच. पांढरेशुभ्र कपडे, हातात हार. तुमच्या नावानं मांडलेल्या पाटाजवळ हार ठेवून त्यानं डोळ्याला रुमाल लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सुकराम जैसा आदमी अब कहाँ मिलेगा! जिम्मेदारी लेना तो कोई उससे सीखे.” लोक माना डोलवायला लागले. मग तो तुमच्या पुतण्याजवळ बसला. नवं काम निघालं होतं, पंधरा माणसं पाहिजे होती. “नीलकंठ, अब चाचा की गद्दी तुम सम्हालो. वही रीत, वही इज्जत.” नीलकंठनं मान खाली घातली होती, पण चेहरा खुलला होता. कुणाचा नसता खुलला?

मी कुबडी टेकत उठले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की म्हटलं, “जिम्मेदारी काकांची नव्हती. पायाड तुमचं होतं, दोर तुमचा होता, माझा पाय तुमच्या भिंतीखाली गेला. तुम्ही एका भोळ्या माणसाच्या इमानामागे लपलात. हार कसला घालता?” काकी पदर तोंडात धरून बघत होती. माय सगळ्यात मागे, कुडाला टेकून बसली होती. आठ वर्षांत पहिल्यांदा तुमच्या अंगणात आली होती, तीही मी हट्ट केला म्हणून.

ठेकेदार चिडला नाही. तो चिडत नाही, काका. त्यानं रुमालाची घडी केली आणि हसून म्हणाला, “मास्टरनीबाई, साहब ने आपसे भी तो पूछा था. आपने क्या कहा था, बताओ न सबको.”

हे मी वर लिहिलं नाही. आठ वर्षं कुणाला सांगितलंच नाही. तुमचा अंगठा झाल्यावर साहेब माझ्याकडे वळला होता. तो साहेब वाईट नव्हता. त्यानं कारकुनाची लेखणी थांबवून मला विचारलं होतं, “मुली, हा म्हणतो ते खरं आहे? नीट विचार करून सांग. तू याच्या नोकरीत होतीस की ठेकेदाराच्या?” सारं माझ्या हातात होतं. एक शब्द पुरला असता. पण तुम्ही त्या खुर्चीवर बसला होतात, आणि मुर्रीच्या पोरीनं सुकराम मुकादमाला साहेबापुढे खोटं पाडायचं, हे माझ्या जिभेला जमलं नाही. मी म्हटलं, “यांच्याच.” त्याच्या खाली माझी सही आहे. अंगठा नाही, सही. मला लिहिता येत होतं.

आणि तुम्ही घरी येऊन, मी तोंड उघडायच्या आधी, मायसमोर सगळं स्वतःवर घेतलंत. माय तुम्हाला तोडून टाकत होती आणि मी ऐकत उभी राहिले. गाव बोलत राहिलं आणि मी रेंगीत बसून नद्यांची नावं म्हणत राहिले. रोज तुमच्याशी भांडले, तुम्ही असं का म्हणालात, तसं का म्हणालात. तुम्ही एकदा तरी उलटून म्हणायचं होतं, “अन् तू गा, सगुना?” सहा वर्षांच्या वाटेत एकदा तरी! का नाही म्हणालात?

काल मी सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, “हो. मला विचारलं होतं. मीही काकांचंच नाव सांगितलं. आम्ही दोघांनी मिळून याला सोडवलं.” नीलकंठ उठला आणि ठेकेदाराला म्हणाला, “शेठजी, आधी तुमच्या हजेरीत तुमच्या हातानं पंधरा नावं लिवा, खाली तुमची सही करा. मंग मानसं पाठवतो. मांगाले मी कोनाच्या घरी जात नाई.” ठेकेदार “देखेंगे” म्हणाला आणि निघून गेला. माणसं तो दुसऱ्या गावातून नेईल, मला माहीत आहे. आज सकाळपासून दोन घरच्या बायका माझ्या नावानं बोटं मोडतायत, काम घालवलं म्हणून. मोडू देत.

पण माय. ती कुडापासून उठली, पंगतीच्या मधून चालत माझ्यापाशी आली. मला वाटलं मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं तुमच्या पाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आठ साल बोलली नाई मी त्याच्याशी,” ती म्हणाली. “आता सांगून रायली? आता मी कोनाशी बोलू?”